आबांची पहार आणि माझं शुअर

आमचे आबा विहिरी खोदायचे. आसपासच्या गावांत कुठे कातळ लागला आणि बाकीच्यांनी हात टेकले की आबांना बोलावणं यायचं, एवढं त्यांचं नाव होतं. पण "मला जमतं" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. कुणी विचारलं, हुईल का हो हे काम, की आबांचं उत्तर ठरलेलं. "बगू." एवढंच. मग विहिरीत उतरायचे, पहारीनं जागोजाग ठोकून खडकाचा आवाज ऐकायचे, वर येऊन चहा घ्यायचे आणि सरळ घरी निघून यायचे. मालकानं समजायचं काय? तर दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खांद्यावर पहार आणि घण घेऊन आले म्हणजे होकार. नाही आले म्हणजे नकार. तोंडानं हो म्हणायची पद्धतच नव्हती, आणि लोकांचीही काही तक्रार नव्हती. हत्यारं आली म्हणजे काम झालंच, असं धरून चालायचे लोक.

घरात सगळ्यांचंच तसं. आई अशा भाकरी थापायची की शेजारणी बघायला यायच्या, पण ताटात वाढताना म्हणायची, आज काय नीट जमल्या न्हाईत बगा. मलाही तीच सवय. मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिली आले, आणि कुणी विचारलं, येतं का गं तुला विंग्रजी, तर मी म्हणायची, थोडं थोडं. आपणच आपल्याला चांगलं म्हणायचं म्हणजे आपल्याच हातानं दृष्ट लावून घ्यायची, असं काहीतरी आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आता मी नगरला सावेडीत राहते. इथली पोरंसोरं सकाळ-संध्याकाळ "आय ॲम व्हेरी कॉन्फिडंट" म्हणत असतात. त्यांचं कौतुकच वाटतं, पण खरं सांगते, ते शब्द ऐकले की अजूनही माझी बोटं आपोआप मुडपतात. त्याला कारण आहे, आणि ते कारण एका विहिरीत आहे.

इंग्रजी मी नगरला मामाकडे राहून शिकले. आमचे सर फार कडक. त्यांनी आमच्याकडून वाक्यांची रांगच पाठ करून घेतली होती. आय कॅन. आय ॲम एबल टू. आय ॲम शुअर. आय ॲम कॉन्फिडंट. आय हॅव नो डाउट. मला तेव्हा मोठं नवल वाटायचं. आमच्याकडे जे एकदाही बोलत नाहीत, ते बोलायला या लोकांना एवढे शब्द लागतात तरी कशाला? वेगवेगळ्या मापाच्या वाट्या असाव्यात तसे शब्द. थोडी खात्री असली तर हा, जास्त असली तर तो. मी ती वाक्यं घडाघडा म्हणायची. जिभेला काही होत नव्हतं, कारण त्यांचा आपल्याशी संबंध येईल असं वाटलंच नव्हतं.

मॅट्रिक होऊन मी गावी परत आले आणि पाठोपाठ तो दुष्काळ आला. आमचं गाव नगरच्या पूर्वेला, कोरड्या बाजूला. गावच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, आणि वस्तीला स्वतःची एक विहीर. ती त्या वर्षी संक्रांतीच्या आधीच आटली. मग राहिली गावची विहीर. धर्म बदलून सोळा-सतरा वर्षं झाली होती, कायदे झाले होते, पण त्या विहिरीत पोहरा टाकायची आम्हाला अजून मुभा नव्हती. हंडे लावून लांब बसायचं. कुणाला दया आली, वेळ झाला, तर तो वरून ओतणार. कधी दोन तास, कधी चार. कधी दुपार टळून जायची आणि आई रिकामा हंडा घेऊन परत यायची. घरी येऊन काही बोलायची नाही, हंडा पालथा घालून ठेवायची. मला तिच्या त्या न बोलण्याचा राग यायचा. कुणाचा राग कुणावर काढणार?

उन्हाळ्याच्या तोंडाला एक गोरा साहेब जीप घेऊन आमच्या भागात फिरायला लागला. इंग्लंडहून आलेला इंजिनियर, कुठल्याशा मदत संस्थेतर्फे विहिरी खोल करून द्यायचा. सुरुंगाचे तोटे आणि मजुरी त्यांची, माणसं गावची. तो आमच्या वस्तीत आला त्या दिवशी त्याचा दुभाषा तापानं पडला होता. साहेब विहिरीच्या काठावर उभा राहून हातवारे करतोय आणि वस्ती नुसती बघतेय. मग कुणीतरी मला पुढं ढकललं. मी म्हणाले, थोडं थोडं येतं. साहेब हसला, म्हणाला, थोडं मला पुरेल.

त्यानं सांगितलं ते असं. विहीर बारा फूट खाली न्यावी लागेल. त्याच्याजवळ तोटे मोजके आहेत. आज तो तीन गावं बघणार आणि ज्या विहिरीचा माणूस खात्रीनं काम करीन म्हणेल तिथेच तोटे देणार. अर्धवट टाकलेल्या दोन विहिरींनी त्याला आधीच पोळलं होतं. म्हणून उत्तर आज, आत्ता पाहिजे.

आबा तोवर खाली उतरले होते. ठोकठोक ऐकू येत होती. वर आले, पटक्यानं तोंड पुसलं. साहेबानं विचारलं, याला जमेल का, खात्री आहे का. मी आबांना विचारलं. आबा विहिरीकडे बघत म्हणाले, "बगू."

साहेब माझ्याकडे बघतोय. त्याचा एक हात जीपच्या दारावर. 'लेट अस सी' म्हटलं असतं तर तो दार उघडून बसला असता आणि पुढच्या गावाला गेला असता, हे मला लख्ख दिसत होतं. आईचा पालथा हंडा दिसत होता. आणि आबांना जमतं हे मला माहीत होतं. नगर जिल्ह्यात कुणाला जमत नसेल एवढं जमतं. मग ते सांगायला काय हरकत आहे? सरांची रांगच्या रांग माझ्या तोंडाशी आली.

"माय फादर इज शुअर, सर," मी म्हणाले. "ही इज क्वाइट कॉन्फिडंट. ही कॅन डू इट."

एवढंही नाही, त्यापुढे 'ही हॅज नो डाउट' सुद्धा जोडलं. खोटं कशाला बोलू, बोलताना मला गोड वाटलं. आपल्या बापाबद्दल असं छाती वर करून बोलता येतं, आणि ते ऐकून समोरच्या माणसाचा चेहरा उजळतो, हे मी पहिल्यांदा अनुभवत होते. साहेबानं पुढं होऊन आबांचा हात हातात घेऊन हलवला. तोटे उद्या येतील म्हणाला आणि गेला.

आबांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "काय बोललीस तू?"

मी खरं ते सांगितलं. आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती हत्यारं उचलली. घरी आले, पहार आणि घण भिंतीला टेकवून ठेवले आणि बाजेवर बसले. आईनं मात्र एकच विचारलं, "इंग्रजीत बोललं म्हंजी खरं हुतं का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं सगळं लक्ष त्या भिंतीवर. आबांनी तोंड धुतलं. चहा घेतला. पहार तिथेच. ऊन ओट्यावर आलं तरी पहार तिथेच. आबा नाही म्हणणार, हे हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. मी ज्याला 'बगू' मधला होकार समजले होते तो होकार नव्हताच. मी विहिरीत उतरले नव्हते, खडकाचा आवाज ऐकला नव्हता, आणि सही मात्र मी केली होती.

शेवटी आबाच बोलले. म्हणाले, उगवतीच्या अंगाला एक भेग आहे. वरून दिसत नाही. ठोकलं की पोकळ बोलते. सुरुंग लागला आणि ती बाजू सुटली तर खाली असेल तो दगडाखाली जाईल. आणखी एक दिवस ऐकून मग ठरवणार होतो. मी घाबरून म्हणाले, मग आपण साहेबाला नाही म्हणू, मी सांगते, माझी चूक झाली म्हणून सांगते. आबा उठले. पहार उचलली.

"शबूद गेला," ते म्हणाले. "आता वर उभं ऱ्हाऊन मोजायचं तूच."

हे मोजणं काय असतं ते सांगायला हवं. खाली खडकात घणानं पाच-सहा भोकं पाडायची, त्यात तोटे ठासायचे आणि प्रत्येकाची वात कमी-जास्त लांबीची ठेवायची, म्हणजे बार एकामागून एक उडतात, एकदम उडत नाहीत. वाती पेटवायच्या आधी आबा खालून आकडा सांगणार. वरच्या माणसानं तो मोठ्यानं परत म्हणायचा. मग आबा पेटवून पायऱ्या चढून वर येणार, सगळे लांब जाणार आणि वरच्या माणसानं बार मोजायचे. शेवटी आबा एवढंच विचारणार, "किती?" आकडा जुळला तर खाली उतरायचं. एक जरी कमी भरला तर एखादा तोटा खाली जिवंत आहे असं समजायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. हे काम आजवर माझे चुलते करायचे. ते त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. बार मोजणाऱ्याच्या जिभेवर खाली उतरणाऱ्याचा जीव, असा सगळा हिशेब.

पुढचे वीस-बावीस दिवस मी कशी जगले ते माझं मला माहीत. आबांनी भेगेच्या बाजूला लाकडी टेकू लावले होते आणि भोकं त्या बाजूपासून लांब पाडत होते, तरी प्रत्येक बाराला माझं काळीज त्या भिंतीबरोबर हलायचं. मी प्रत्येक गोष्ट मोजायला लागले. जात्यात टाकलेल्या मुठी, दोरीवरचे कपडे, कोंबड्यांची पिलं. मोजून झालं की वाटायचं, नीट मोजलं ना? परत मोजायचं. बार मोजताना मी बोटं मुडपून धरायची, आणि ती इतकी घट्ट की नंतर उघडायला वेळ लागायचा. आबांचं "किती?" आलं की मी "पाच" म्हणायची आणि ते त्या क्षणी वळून उतरायला लागायचे. एकदाही त्यांनी 'नक्की का' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. तेवढंच ओझं वाटून घेतल्यासारखं झालं असतं.

साहेब दोन-चार दिवसांनी चक्कर मारायचा. त्याचा दुभाषा बरा होऊन सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही, त्यामुळे मीच. साहेब माणूस भला होता, हे मुद्दाम सांगते. आणि त्याचं ते बोलणं बढाईचं नव्हतं हेही मला हळूहळू कळलं. एकदा त्यानं घण मागून घेतला, म्हणाला, यात मी बराच चांगला आहे. वस्तीतली माणसं गालात हसली. पण त्यानं खरोखर असे दहा-बारा घाव घातले की आबासुद्धा बघत राहिले. 'आय ॲम गुड ॲट धिस' हे तो आपल्या पायताणाचं माप सांगावं तसं सांगायचा. माप आहे तर आहे, त्यात लाजायचं काय? चूक झाली तरी तेवढ्याच सहज सांगायचा की हे मला येत नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. विहिरीच्या काठावर एकटी असताना मी पुटपुटून बघायची, आय कॅन काउंट, आय ॲम शुअर. इंग्रजीत यायचं. तेच मराठीत म्हणायला गेलं की तोंडून 'थोडं थोडं'च निघायचं.

दहा फूट झालं तेव्हा खडक ओलसर लागला. वस्तीत आनंदीआनंद. बायका काठावर येऊन वाकून बघून जायच्या. आई पहिल्यांदाच आली, बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. पण साहेब वेगळीच बातमी घेऊन आला. त्याचं तोट्यांचं कोठार उद्या सकाळी पुढच्या तालुक्यात हलणार होतं. दोन खेपांचे तोटे उरलेत, ते आजच्या आज वापरून घ्या, म्हणाला. उद्या सकाळी मी उरलेलं सगळं घेऊन जाणार. आबांनी हिशेब केला. एक खेप आता, माती-दगड काढून दुसरी संध्याकाळच्या आत. दोन खेपांत पाणी लागणार, नाहीतर दोन फुटांसाठी सगळं वाया.

दुपारी सहा भोकं ठासून झाली. आबा खालून म्हणाले, सा. मी वरून म्हणाले, सहा. ते वाती पेटवून वर आले. सगळे लांब उभे राहिलो. साहेब माझ्या शेजारीच होता, हातातल्या घड्याळाकडे बघत. वारा सुटला होता.

एक. दोन. तीन. मग थोडी उसंत. मग चौथा, आणि त्याच्या पाठीला लागूनच आणखी एक आवाज. त्या वेळी कुठलासा मोठा धोंडा वर उडून यारीच्या लाकडावर आदळला. यारी म्हणजे दगड वर ओढायचं आमचं लाकडी यंत्र. पाठोपाठ आणखी एक बार. मग शांत.

माझी पाच बोटं मुडपलेली होती आणि सहावं अर्धवट. तो मधला आवाज बाराचा की धोंड्याचा? मी तो परत ऐकायचा प्रयत्न केला. जितका ऐकू तितका तो बदलत होता. कधी बार वाटायचा, कधी नुसता लाकडावरचा दणका.

आबांनी विचारलं, "किती?"

माझ्याआधी साहेबच बोलला. त्यानं सहा बोटं वर केली. सिक्स. आय ॲम शुअर, मी घड्याळावर मोजलेत, ॲब्सोल्यूटली शुअर. वस्तीतल्या दोघातिघांनीही सूर धरला की सहाच झाले. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांना सहाच हवे होते, आणि मलाही तेच हवे होते. मी नाही म्हटलं की आजची दुसरी खेप गेली. उद्या तोटे गेले. म्हणजे परत लांब बसायचं, परत कुणाच्या दयेनं ओतून घ्यायचं, आणि वस्तीत जन्मभर ऐकायचं की या पोरीनं पाणी घालवलं.

आबा साहेबाकडे बघत नव्हते, लोकांकडेही नाही. फक्त माझ्याकडे.

एकदा मी खात्री नसताना खात्री सांगितली होती. ती किती गोड लागली होती ते आठवलं.

"मला खातरी न्हाई, आबा," मी म्हणाले. रडूच फुटलं. "पाच असतील न्हाईतर सा. मला सांगता येत न्हाई."

आबांनी मान हलवली. डोक्याचा पटका सोडला, जमिनीवर टाकला आणि विहिरीकडे पाठ करून बसले. म्हणजे आजचं काम संपलं. लोकांची कुजबुज सुरू झाली, मग ती कुजबुज राहिली नाही. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर म्हटलं, शिकलेली पोर आन् सहापतूर मोजता येईना. साहेबाला मी सांगितलं, आय ॲम नॉट शुअर, सर. तो हसला, रागानं नाही, समजुतीनं. "बट आय ॲम," म्हणाला. मी स्वतः जाऊन बघून येतो, दोन मिनिटांचं काम आहे. आणि खरंच पायऱ्यांकडे निघाला. भित्रा नव्हता तो. खात्री होती त्याला, म्हणून निघाला.

मी आडवी उभी राहिले. काय बोलावं ते इंग्रजीत सुचेना, नुसते हात पसरले. तोवर आबा उठून आले होते. त्यांनी साहेबाचं मनगट धरलं आणि त्याला पायऱ्यांपासून बाजूला घेतलं. मग वस्तीकडे वळून म्हणाले, "पोरगी न्हाई म्हनली, म्हंजी न्हाई." साहेब चिडला होता, ते त्याच्या मानेवर दिसत होतं. सकाळी तोटे न्यायला येतो असं सांगून निघून गेला.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. मला सारखं वाटत होतं, सहाच असतील. सहाच होते. आपण भित्रटपणानं सगळ्यांचं पाणी घालवलं.

सकाळी उजाडल्याबरोबर आबा गेले. मागोमाग मी. खाली एकटेच उतरले. मला वर थांबवलं आणि काठापासून लांब, पार बाभळीपाशी उभं केलं. किती वेळ गेला कोण जाणे. दगड बाजूला सारल्याचे बारीक आवाज यायचे आणि मग काहीच यायचं नाही. त्या काहीच न येण्यात माझा जीव टांगणीला लागलेला. साहेबाची जीप आली, तो उतरून माझ्याशेजारी उभा राहिला. मग आबा वर आले. घामानं निथळत होते. एक हात वर केला, पाच बोटं पसरून.

"पाचच."

ढिगाऱ्याखाली सहावं भोक जसंच्या तसं होतं. वात मध्येच विझलेली आणि आत तोटा शाबूत. आबांनी पाणी ओतून तो गार केला होता. साहेब त्यांच्याबरोबर खाली जाऊन बघून आला. वर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. आदल्या दिवशी ढिगारा उपसायला पहिला घण कुठं पडला असता ते त्याला दिसलं असावं. तो यारीच्या लाकडावर बसला आणि हळू म्हणाला, आय वॉज शुअर. मग परत तेच, आय वॉज सो शुअर. आबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, त्याला खात्री होती म्हणतोय.

"व्हती की," आबा म्हणाले. "तुला न्हवती, तेवढीच मला पुरली."

साहेबानं तोटे नेले नाहीत. आणखी एक दिवस दिला, आणि त्या दिवशी मोजून सहा बार झाले, लांब लांब, स्वच्छ. उगवतीची भेगही टेकूंनी शेवटपर्यंत धरून ठेवली. दिवस कलता कलता तळाला पाणी दिसलं. बारीक, गढूळ, पण आमच्या विहिरीचं. आईनं स्वतः पोहरा सोडला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर दोघी रडलो असतो.

निघताना साहेबानं मला बाजूला बोलावलं. पुढच्या तालुक्यात त्याला दुभाषा हवा होता. वर्षभराचं काम, राहायची सोय संस्थेच्या नर्सबाईंबरोबर, पगार. त्या काळी आमच्या वस्तीतल्या पोरीनं असं घर सोडून जायचं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. मॅट्रिक झालेली मी, दोन स्थळं बघून ठेवलेली. हे काम मिळालं तर पुढं शिकता येणार होतं, नाहीतर नाही. साहेबानं आबांकडे बघून विचारलं, तुमच्या मुलीला जमेल का हे काम? मीच ते मराठीत आबांना विचारलं. स्वतःबद्दल.

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. विहिरीकडे बघत म्हणाले, "बगू."

या वेळी मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. "ही सेज, लेट अस सी, सर." साहेबाचा चेहरा पडला. तो म्हणाला, सकाळी जाताना जीप इकडूनच नेईन, तेव्हा सांगा. आबा घरी आले, जेवले, झोपले. मी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती आमच्याकडे.

सकाळी मी उठले तर आबा ओट्यावर नव्हते. भिंतीकडे लक्ष गेलं. पहार आणि घण जागेवर होते. त्यांच्या शेजारी कोनाड्यात असायची ती माझी शाळेची कापडी पिशवी मात्र नव्हती. त्या पिशवीत माझी डिक्शनरी, पेन आणि दोन कोऱ्या वह्या असायच्या. मी बाहेर धावले. रस्त्याच्या कडेला जीप येऊन उभी होती. आणि आबा चालत निघाले होते तिकडे, कामाला निघाले की निघायचे तसेच, खाली बघत, सावकाश. खांद्यावर माझी पिशवी.

त्यांनी ती जीपच्या पुढच्या सीटवर नीट ठेवली आणि बाजूला झाले. साहेब गोंधळून माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, मग? काय ठरवलं तुझ्या वडलांनी?

"ही इज शुअर, सर," मी म्हणाले, आणि जीपमध्ये चढले.